हनुवटीवरचा डाग

शके १११३, पौष वद्य एकादशी

पोचले एकदाची! तीन दिवस बैलगाडीत बसून हाडं खिळखिळी झाली, आणि गाडी सोक मासळीवाल्याची, त्यामुळे अंगाला सुकटीचा वास चिकटला तो चिकटलाच. निघताना दादाने हे काळं रंगवलेलं हरणाचं कातडं आणि खडूच्या कांड्या हातात कोंबल्या. म्हणाला, राजधानीत चाललीयस तर रोजच्या रोज लिही, नाहीतर परत येऊन तिखटमीठ लावून सांगत बसशील. स्वतः देवळात लेखनिक, म्हणून सगळ्या जगाने लिहावं! पण अक्षरं त्यानेच शिकवली, तेव्हा लिहिते बापडी.

ओतशाळा राजवाड्याच्या मागच्या भिंतीला लागून आहे. आठ भट्ट्या! आमच्या गावात एकच, तीही पावसात विझते. माझं काम मेणाचं. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, मग तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि आत जी पोकळी राहील तिच्यात कांसं ओतायचं. बाकीची धडपड बाप्यांची, पण देवाचा चेहरा मेणात होतो, म्हणजे माझ्या हातून होतो. गावच्या जत्रेत मी केलेला तळहाताएवढा बुद्ध मुख्य ओतारी हिनबाबांनी पाहिला आणि मला बोलावणं धाडलं. सत्तरीचा माणूस, भुवया भट्टीने कधीच्या खाल्लेल्या, बोलणं मोजकं. मेणात राळ मळायला थ्लांगकाकी आहे. ती मात्र दोघांचं बोलते. मला बघताच म्हणाली, अगंबाई, हनुवटीवर हा डाग कसला, नवऱ्याने चावलं की काय? म्हटलं, लहानपणी उकळतं मेण उडालं, आणि नवरा लढाईत गेला तो आलाच नाही. मग जीभ चावून तिने मला ताडगुळाचा खडा दिला. बाई चांगली वाटते.

काकीने एक नियम सांगितला. मेणाला हात लावायचा तर आधी तोंडावर ओलं फडकं बांधायचं, डोळे तेवढे उघडे. आणि कामात असताना स्वतःच्या चेहऱ्याला बोट लावायचं नाही. धुरासाठी असेल. आमच्याकडे उलट आहे. नाकाचं माप हवं तर आजी म्हणायची, स्वतःच्या नाकाला विचार.

रुमदुलला आईपाशी ठेवून आलेय. सहा वर्षांची आहे. निघायच्या दिवशीच तिचा खालचा दात पडला. खालचा दात छपरावर फेकायचा असतो, पण बया फेकेना. माझ्या उपरण्याच्या टोकाला तिने तो गाठीत बांधला आणि बजावलं, की नव्या वर्षाला भेटू तेव्हा आपण दोघी मिळून फेकायचा, तू एकटीने फेकलास तर बोलणार नाही. नव्या वर्षाला सोक तिला आणि आईला गाडीतून इकडे आणणार आहे. तोवर मी इथे खोली नीट लावते.

माघ शुद्ध तृतीया

मोठं काम आलं! पूर्वेच्या तळ्याकाठच्या वाडीतल्या बाईसाहेब. त्यांची मुलगी उदयिनी दोन पावसाळ्यांपूर्वी तापाने गेली, पंचविशीतली, माझ्याच वयाची. तिच्या नावाने प्रज्ञापारमिता, बौद्धांची ज्ञानदेवी, बसवायची. मोठ्या घरांत तशी चालच आहे. देवीचं रूप, गेलेल्या माणसाचा चेहरा, आणि दोघांचं मिळून एक नाव. मग ते माणूस देवीत राहतं म्हणतात. मूर्ती कमरेएवढी होईल. दोन हात, एकात पोथी, जटेत चिमुकला बुद्ध.

पंचाईत अशी, की मी उदयिनीला कधी पाहिलेलं नाही. बाईसाहेब समोर बसून सांगतात. काल म्हणाल्या नाक सरळ होतं, आज म्हणाल्या जरा बसकंच. डोळे कसे, तर मोठे. किती मोठे, तर त्या रडायला लागतात. मीही कशाला विचारते! लेक गेलेल्या बाईला काय आठवणार, आणि काय विसरणार.

माघ शुद्ध दशमी

अंग झालं, हात झाले, पोथी झाली, आणि चेहऱ्याच्या जागी अंडं. सात दिवस! हिनबाबा येतात, बघतात, जातात. न बोलणारा माणूस किती बोलतो ते मला आता कळलं.

आज उकाडा असा, की फडक्यात जीव घुसमटला. काकी तळ्यावर गेली होती. काढून टाकलं फडकं. डावा हात आपोआप गालावर गेला, उजवा मेणावर. गालाचं हाड इथं, ओठाची कड इथं, पापणी इतकी जड. आजीच्या पद्धतीने. जेवणवेळेच्या आत चेहरा उभा राहिला, आणि असा, की माझा मलाच हेवा वाटला. डाग तेवढा घेतला नाही. देवीला कशाला डाग?

माघ पौर्णिमा

बाईसाहेबांनी पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. उदे, असं म्हणून त्यांनी मेणाच्या गालावर हात ठेवला. उदे, किती वाट बघायला लावलीस गं. आम्ही सगळे डोळे पुसत होतो. ज्योतिष्याने लगेच ओतायची तिथी काढली, फाल्गुन शुद्ध एकादशी. देवळाच्या आचार्यांनी मूर्तीला नाव देऊन पाठीवर मोहोर उठवली. मोहोर उठली की मूर्ती दरबारची. मग तिच्यात बदल करायला हात लावला तर हात जातो.

थ्लांगकाकी एकदा मूर्तीकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. संध्याकाळी भात वाढताना तिने विचारलं, फडकं होतं ना गं तोंडावर? मी होतं म्हणाले.

खोटं का बोलले कोण जाणे.

माघ वद्य तृतीया

पाण्यात बघितलं. हनुवटीवरचा डाग फिका झालाय. इतकी वर्षं लिंबू चोळलं, हळद चोळली, तेव्हा गेला नाही मेला. राजधानीचं पाणी मानवलेलं दिसतंय. रुमदुलला करमणार नाही मात्र. झोपताना ती डागावर बोट ठेवल्याशिवाय डोळे मिटत नाही.

माघ वद्य सप्तमी

डाग गेला. पार गेला. बोटाला काहीच लागत नाही.

आज बाईसाहेब आल्या, सगळ्यांसाठी कमळबियांचे लाडू घेऊन. मी जन्मात खाल्ले नव्हते. पहिला घास घेतला आणि तोंडून निघून गेलं, की यात ह्या वेळी मीठ विसरलीस. चुलीवरच्या बाईला म्हणावं तसं, हक्काने. बाईसाहेब माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, की चिमूटभर मीठ फक्त उदे घालायला लावायची. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. हे मला फार लागलं. भीती असायला हवी होती.

हिनबाबांना गाठून सगळं सांगितलं. फडक्याचंही. ते भट्टीसमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, पोरी, चेहरा तुझा घातलास आणि हाक तिच्या नावाने पडली. आता तुझा चेहरा त्या मूर्तीचा झाला. आणि तुला कुठलातरी चेहरा हवाच, तेव्हा तुझ्याकडे उरेल तो त्या गेलेल्या पोरीचा. माझ्या तरुणपणी एकीच्या हातून असंच झालं होतं. तिचं पुढे काय झालं, विचारलं. म्हणाले, मोठ्या घरात सुखात होती. तिला काही आठवत नव्हतं.

मी पाय धरले. मेण आहे अजून, खरवडून टाका, मी पुन्हा करते, सात दिवसांत करते. ते उठले. मोहोर उठलेली असताना उठले, म्हातारपणी हात गमवायला तयार झाले माझ्यासाठी. पातळ सुरी मेणाच्या गालाला लावली मात्र, माझा गाल चिरला. किंचाळले मी. रक्त हनुवटीवरून गळ्यात आलं. सुरी खाली पडली. ते रडत होते. मी त्यांना रडू नका म्हणत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

माघ वद्य त्रयोदशी

वारुळाची माती, शेण, भाताचं तूस. पहिला पातळ थर काल दिला. सकाळपासून मला कशाचाच वास येत नाही. काकीने आंबवलेल्या मासळीचं मडकं नाकाशी धरलं. काहीही नाही.

दुसरा थर उद्या. मी काकीला म्हटलं, मला धरून ठेव, माझं नाव घेत राहा. ती काम करता करता दिवसभर पोव, पोव, पोव करत होती. तिचा घसा बसला.

फाल्गुन शुद्ध द्वितीया

आज पळून जायचं ठरवलं. मूर्ती राहू दे इथं, मी लेकीपाशी जाते, तिने मला ओळखलं की सगळं ठीक होईल, असं वाटलं. बाजारात सोकची गाडी उभी होती. जीव भांड्यात पडला. धावत गेले.

त्याने हात जोडले. काय देऊ बाईसाहेब, म्हणाला. मी म्हटलं, अरे सोक, मी पोव, मला गावी ने. तो हसला, थट्टा समजून. म्हणाला, पोव आमची काळीसावळी, हनुवटीवर हा एवढा डाग, आणि बोलायला लागली की कावळे उडतात. तुम्ही तिच्या मालकीणबाई का? तिला सांगा, तिची पोर रोज गाडीपाशी येऊन विचारते. नव्या वर्षाला आजीसकट घेऊनच येतो.

मी म्हटलं, आणू नकोस. तिला आणू नकोस रे. तो म्हणाला, पोरीने कपड्यांचं बोचकंसुद्धा बांधून ठेवलंय, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

गाडीत चढायला पाय उचलला तेवढ्यात बाईसाहेबांचे भोई मागून आले. धाकट्या बाई, उन्हात कशाला, चला. किती अदबीने. कोणी हात धरला नाही, ओढलं नाही. पायच त्यांच्यामागे चालू लागले.

फाल्गुन शुद्ध पंचमी

आवाज लांबून येतात. मूर्तीवर चार थर चढलेत, आता ती नुसता मातीचा गोळा दिसते. मान वळवायला त्रास होतो. काकी भरवते.

पाठ करते आहे. मी पोव. आई सारोम. दादा केन. लेक रुमदुल. तिचा दात माझ्या गाठीत. छपरावर फेकायचा, दोघींनी मिळून. पुन्हा. मी पोव. आई सारोम.

हिनबाबा म्हणतात एकादशी पुढे ढकलता येत नाही. आचार्यांच्या दारात दोनदा बसून आले. ज्योतिष्याकडेही गेले. सगळ्यांनी त्यांना पाणी दिलं, विड्याचं पान दिलं.

फाल्गुन शुद्ध दशमी

आज सकाळी मेण काढलं. साचा उलटा धरून तापवतात. तळाच्या नळीतून पिवळी धार. मी बघत होते आणि—

आईचं नाव काय? कालपर्यंत होतं. स वरून. दादाचं—दादा होता, कातडं त्याने दिलं—

धार चालूच. काकी भांडं धरून रडतेय. मी म्हटलं, बंद करा. मी मोठ्याने म्हटलं. बंद करा! कोणी ऐकलं नाही की मी बोललेच नाही?

रुमदुल रुमदुल रुमदुल रुमदुल

एकादशी

शंख. फार माणसं. भाते.

कांसं लाल नसतं, पांढरं असतं ओतताना—

अंगात भरतंय. पायांपासून. गरम नाही. जड. मी नको म्हणते आहे, हिनबाबा, नको, माझी

फाल्गुन पौर्णिमा

आज साचा फोडला. मला पालखीतून नेऊन बसवलं होतं, अजून अशक्तपणा आहे. मूर्ती सुंदर उतरली आहे. एकच दोष. हनुवटीवर एक ठिपका उठला आहे, ओतताना बुडबुडा अडकावा तसा, खडबडीत. मेणात तो नव्हता, असं कारागीर शपथेवर सांगत होते. आईने घासून काढायला सांगितलं. म्हाताऱ्या ओताऱ्याने कानस उचलली आणि खाली ठेवली. म्हणाला, दुसऱ्या कोणाला सांगा, मी हा डाग काढणार नाही. आई उदारपणे हसली आणि राहू दे म्हणाली. म्हाताऱ्याचं आता फार वय झालं. त्याला विश्रांती द्यायला हवी.

फाल्गुन वद्य चतुर्थी

बरं वाटतं आहे. तळ्यावरून वारा येतो. आई माझ्या केसांना रोज स्वतः तेल लावते आणि मध्येच थांबून माझा चेहरा हातात धरते. इतकं प्रेम कोणाच्या वाट्याला येतं?

ओतशाळेतली कोणी थ्लांग म्हणून बाई आली होती. एक जुनं उपरणं आणि खडूने लिहिलेलं कातडं घेऊन. वाचा, एकदा तरी वाचा, म्हणत पायरीवर डोकं आपटू लागली. नोकरांनी तिला बाहेर नेलं. कातडं उघडून दोन ओळी वाचल्या. गावाकडची कोणी बाई, बैलगाडी, सुकट. वाचताना हनुवटी ठणकू लागली, म्हणून बाजूला ठेवलं. कोरी बाजू उरली होती, तिच्यावर आधी पौर्णिमेची हकीगत उतरवली, आता हे लिहिते आहे.

उपरण्याच्या गाठीत एक दात निघाला. लहान मुलाचा. दासी फेकत होती. मी का कोण जाणे तिच्या हातून घेतला आणि माझ्या चुन्याच्या डबीत ठेवला.

फाल्गुन वद्य एकादशी

मूर्ती देवळात बसली. उदयिनीदेवी. माझंच नाव देवीला, लोक म्हणतात भाग्य. मी समोर बसले की ती माझ्याकडे बघते, असं वाटतं. म्हणजे सगळ्याच मूर्ती बघतात. पण हिची नजर काही मागते आहे. आज तिच्यासमोर मला एकाएकी रडू आलं. कशासाठी ते कळेना. कारण नसताना रडणं फार वाईट. डोळे पुसायला कारण लागतं.

चैत्र शुद्ध प्रतिपदा

नवं वर्ष. सकाळपासून देवीला सुगंधी पाण्याने स्नान. गावोगावचे लोक रांगेत. मी पायरीवर बसून लिहिते आहे, कारण लिहिलं नाही तर काही तरी विसरेन असं वाटतं. काय ते सांगता येत नाही.

एक प्रकार झाला. एक म्हातारी आणि तिची नात, मासळीवाल्याबरोबर आलेल्या. ओतशाळेत कोणाला तरी शोधत होत्या, ती मिळाली नाही म्हणून इकडे आल्या, काखेत बोचकं. पोरीने मूर्ती पाहिली आणि हातातलं पाणी टाकून धावली. आई म्हणून तिने देवीच्या मांडीला मिठी मारली. लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण ती सोडेना. तिने हात वर केला आणि देवीच्या हनुवटीवरच्या डागावर बोट ठेवलं, नेमकं, न शोधता. आणि डोळे मिटून घेतले.

म्हातारी शरमली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, हात जोडून. क्षमा करा बाईसाहेब, म्हणाली, हिची आई इथे कामाला होती, कुठे गेली कोणी सांगत नाही. तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मान पुन्हा खाली घातली. मी म्हटलं, असू द्या आजी.

आता पोरगी मूर्तीशी बोलते आहे. मला सगळं ऐकू येतं. बघ, मी आले. गाडीत एकदाही रडले नाही. तू एकटीने फेकला नाहीस ना? बोल ना गं. तू बोलत का नाहीस?

तिने तोंड उघडून देवीला दाखवलं. खाली पुढे खिंड आहे. तिच्यातून नवा दात अर्धा वर आलेला—

चुन्याची डबी माझ्या हातात आहे. उघडली. आत—

हा एवढासा—

ती रडते आहे. आजी तिला ओढून नेते आहे. मला उठायचं आहे. हाक मारायची आहे. काय म्हणून हाक मारायची, तिचं नाव, तिचं नाव मला—र, र वरून, रु